११० मिमी पाइपातली ‘शल्की’ : कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

रिमोटवर चालणारी, खरोखर बुडी मारणारी छोटी पाणबुडी करायची आहे. तिच्यासाठी पाइप आणला. सांडपाण्याला वापरतात तोच, ११० मिमीचा पीव्हीसी, पातळ भिंतीचा. दुकानदाराला दहा फुटांतला चारच फूट हवा म्हटल्यावर तो तयार होईना, म्हणून पूर्ण नग घेतला. उरलेला चुकांना उपयोगी पडेल.

पाणबुडी कोणती, हे ठरायला वेळ लागलाच नाही. अण्णांची सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये वेल्डर म्हणून गेली आणि ‘शल्की’ तिथे बांधली जात होती तेव्हा ते यार्डात होते. शिशुमार वर्गातल्या चार बोटींपैकी ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ जर्मनीत कीलला बांधल्या, ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ माझगावला. ‘शल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ ला नौदलात आली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी.

लांबी ६४.४ मीटर, रुंदी ६.५ मीटर. साडेसहा मीटरचे ११० मिमी करायचे तर प्रमाण १ः५९ येते आणि लांबी १०९ सेंटिमीटर. स्कूटरवर पुढे आडवी धरून नेता येणार नाही, पण बसच्या मागच्या सीटवर मावेल.

आज एवढेच ठरवले की धड ‘ओले’ ठेवायचे. त्याचा हिशेब असा. खऱ्या बोटीचे वजन वर असताना १६६० टन, बुडाल्यावर १८५० टन. फरक १९० टन, तो बॅलास्ट टाक्यांत, म्हणजे बुडण्यासाठी पाणी घ्यायच्या टाक्यांत, भरलेल्या पाण्याचा. ५९ चा घन २,०५,३७९. त्याने भागले की ९२५ ग्रॅम येतात. म्हणजे पूर्ण पाइप सीलबंद केला तर जवळजवळ लिटरभराची टाकी लागेल आणि बोट नऊ किलोची होईल. त्याऐवजी बाहेरच्या कवचाला भोके ठेवायची, पाणी मुक्तपणे आत-बाहेर करू द्यायचे आणि आत फक्त एक अ‍ॅक्रिलिकची नळी कोरडी ठेवायची. मग टाकीला फक्त पाण्याच्या वर डोकावणाऱ्या भागाचे, म्हणजे डेक, मनोरा आणि कवचाची वरची पट्टी यांचे ओझे पेलायचे असते. माझा अंदाज ३०० मिलीच्या आसपास.

१ सप्टेंबर, रविवार

कोरडी नळी ठरली : बाहेरून ८० मिमी, आतून ७४, लांबी ६०० मिमी. तिने तीन लिटर पाणी हलते. म्हणजे आतले-बाहेरचे सगळे मिळून तीन किलोच्या हिशेबात बसवायचे.

टाकीसाठी तीन मार्ग होते. पिशवी आणि पंप, दाबाखालचा गॅस, किंवा पिस्टन. मी पिस्टन घेतला. अर्धवट भरलेल्या साध्या टाकीत पाणी डचमळते. नाक जरा खाली गेले की पाणी पुढे धावते आणि नाक आणखी खाली जाते. पिस्टनच्या टाकीत पाण्यासोबत हवा नसतेच, त्यामुळे ते कुठेही थांबवले तरी जागचे हलत नाही. गॅस संपला की बोट तळाशी राहते. तो धोका मला नको.

आतला व्यास ६० मिमी, पिस्टनची धाव १२० मिमी. भरते ३३९ मिली. एम-८ चा आटेदार रॉड, पिच १.२५ मिमी, म्हणजे ९६ फेरे. ३०० आरपीएमची गिअर मोटर लावली तर १९ सेकंदांत टाकी भरते. दोन्ही टोकांना मायक्रोस्विच, नाही तर मोटर पिस्टनला झाकणात रोवून ठेवेल.

टाकीचा मध्य नेमका बोटीच्या समतोलाच्या बिंदूखाली हवा. पुढे-मागे झाला तर दर वेळी पाणी घेताना बोट वाकडी होणार. या एका अटीमुळे नळीतली बाकीची मांडणी आपोआप ठरली : पुढे बॅटरी, मध्ये टाकी, मागे रिसीव्हर, सर्व्हो (सुकाणू आणि पंख हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि प्रोपेलरची मोटर.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपतीत हात लागला नाही. काल कुपवाडच्या लेथवाल्याकडून पिस्टन आणि दोन्ही झाकणे करून आणली. झाकणांना दोन-दोन ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी), पिस्टनलाही दोन. सगळे नायलॉनच्या रॉडमधून, कारण त्याच्याकडे तो पडलेला होता. काम अतिशय सुबक. बसवल्यावर पिस्टन बोटाने ढकलला तरी सरकतो आणि तोंडावर तळहात धरला की परत मागे येतो.

६ ऑक्टोबर, रविवार

पिस्टन अडकला.

चार दिवस बादलीत बुडवून ठेवला होता, ओ-रिंग गळतात का बघायला. गळल्या नाहीत. पण आज मोटर सुरू केली तर नुसती घुरघुर. आधी आटा भरला असे वाटले, मग मोटरवर संशय घेतला. शेवटी सगळे सोडवून पिस्टन व्हर्नियरमध्ये धरला : ५९.७० मिमीचा ५९.८४ झाला होता. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. आमची फट आधीच काटेकोर, तिच्यात एवढी वाढ पुरेशी झाली.

लेथवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “पाण्यातलं आहे हे आधी सांगायचं ना, डेल्रिन लावलं असतं.” त्याचे बरोबर आहे. मी त्याला माप दिले, काम सांगितले नाही. झाकणे नायलॉनचीच राहू दिली, ती हलत नाहीत. पिस्टन डेल्रिनचा, म्हणजे पाण्यात जवळजवळ न फुगणाऱ्या प्लॅस्टिकचा, सांगितला.

२० ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या सुट्टीत कवच कापले. पाइप उभा चिरला की त्याचे दोन्ही अर्ध आतल्या बाजूला मिटतात; कारखान्यात थंड होताना भिंतीत ताण राहून गेलेला असतो. ११० चा अर्ध १०६ वर आला. वरचा आणि खालचा भाग सारखेच मिटले असते तर चालले असते, पण वरच्याला मनोऱ्यासाठी कापलेले भोक असल्याने तो जास्त मिटला. त्याच पाइपाच्या उरलेल्या तुकड्यातून पट्ट्या कापून, गरम पाण्यात मऊ करून, आतून दर १५ सेंटिमीटरवर कमानी चिकटवल्या. आता दोन्ही ओठ जुळतात.

नाक आणि शेपूट फोम कोरून त्यावर फायबरचे तीन थर. घासायला दोन संध्याकाळी गेल्या. शेपटीचा निमुळता भाग चित्रातल्यापेक्षा थोडा जाड झालाय हे मला दिसते, आणि ते तसेच राहणार आहे, कारण आत सर्व्होच्या दांड्या जायच्या आहेत.

मागच्या झाकणातून तीन गोष्टी बाहेर जातात : प्रोपेलरचा ४ मिमीचा स्टीलचा शाफ्ट, सुकाणूची दांडी आणि आडव्या पंखांची दांडी. शाफ्टला ऑइल सील आणि ग्रीस भरलेली पितळी नळी. दांड्यांना रबराचे छोटे बेलो. एक टोक झाकणावरच्या कॉलरला, दुसरे दांडीला. दांडी पुढे-मागे झाली की बेलो घडी उघडतो-मिटतो, घर्षण नाही आणि फटही नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

बहीण येईपर्यंत रेडिओ. आजकाल मिळणारे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झचे. पाणी ती लहर जवळजवळ लगेच खाऊन टाकते. हौदात रिसीव्हर डब्यात घालून बुडवून पाहिला : वीतभर खाली गेला आणि सर्व्हो थांबला. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला २७ मेगाहर्ट्झचा चार चॅनेलचा संच. लहर जितकी लांब तितकी ती पाण्यात जास्त तग धरते. तोच डबा हौदाच्या तळाशी नेला तरी सर्व्हो हलत होता.

पण पाण्यात क्षार किती, यावर सगळे अवलंबून. घरातल्या फिल्टरवाल्याचा टीडीएस मीटर मागून आणला. हौदाचे पाणी २४०. समुद्रात तर हा रेडिओ काही सेंटिमीटरांच्या पुढे पोहोचणार नाही. खारे पाणी वीज वाहते, आणि वीज वाहणारे काहीही रेडिओ लहर अडवते.

अँटेनाची तार कापलेली नाही. टोकाला अ‍ॅराल्डाइटचा थेंब, नळीच्या आतून पूर्ण लांबी वरच्या बाजूने नेली, मोटरच्या वायरपासून शक्य तितकी दूर. मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि दोन्ही टोकांपासून तिच्या पत्र्यापर्यंत १०४ नंबरचे तीन कपॅसिटर. ते नसताना प्रोपेलर फिरला की सुकाणू थरथरत होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

परसातला हौद साडेपाच फूट लांब आहे; आजोबांनी बैलांसाठी बांधलेला. पूर्ण दिवस बोटीच्या तोलात गेला.

सकाळी : टाकी पूर्ण भरली तरी बोट बुडेना. शिसे टाकत गेलो, २०० ग्रॅम, ३००. मग अचानक डेकखालून भसकन बुडबुडे निघाले आणि ती दगडासारखी तळाला गेली. वरच्या कवचाच्या कमानींमध्ये हवा अडकली होती. मीच घातलेल्या कमानी, आणि प्रत्येकीच्या मागे हवेचा एक कप्पा. प्रत्येक कप्प्याच्या माथ्यावर ३ मिमीची दोन भोके पाडली, डेकच्या जाळीखाली लपतील अशी. खाली पाण्यासाठी मोठ्या चिरा होत्याच. टाकलेले शिसे सगळे परत काढले.

दुपारी : वरच्या बाजूला थर्माकोल लावला होता तरंगायला. तासाभराने बोट जड. थर्माकोलच्या दाण्यांमधल्या फटीत पाणी शिरते. तो काढून बंद पेशींचा घट्ट फोम लावला, इमारतीच्या गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात तो. आणि त्याची जागा बदलली. फोम जर पाण्याच्या रेषेच्या वर येत असेल तर तो बुडवायला टाकीला आणखी पाणी घ्यावे लागते. रेषेच्या जरा खाली ठेवला तर तो वर असताना आणि बुडालेला असताना सारखेच काम करतो. शिसे अगदी तळाशी, फोम रेषेखाली जितका वर जमेल तितका वर : एवढ्या अंतरावरच बोट कलंडल्यावर सरळ होते की नाही ते ठरते.

संध्याकाळी : टाकी रिकामी असताना डेक पाण्यावर दीड सेंटिमीटर. पूर्ण भरल्यावर मनोऱ्याचे टोक पाण्यावर बोटाच्या पेराएवढे. हेच हवे होते. शेवटचा पेरभर भाग प्रोपेलर आणि आडवे पंख खाली ओढतील; काही बिघडले तर ती स्वतःहून वर येईल.

८ डिसेंबर, रविवार

पाणबुडी दिन. १९६७ साली याच तारखेला पहिली ‘कलवरी’ सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात आपल्या नौदलात आली. मुद्दाम आजचा दिवस निवडला.

कवठे महांकाळजवळ मामांचे शेततळे. द्राक्षबागेला पाणी देण्यासाठी, म्हैसाळ योजनेच्या पाण्याने भरलेले, टीडीएस २९०. पाणी इतके स्वच्छ की दोन मीटरवरची प्लॅस्टिकची घडी दिसते. पण त्या प्लॅस्टिकमुळेच शेततळे विहिरीपेक्षा घातक. उतार शेवाळलेला, हाताला धरायला काही नाही, पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. म्हणून आधी काठच्या खांबाला दोर बांधून पाण्यात सोडला, गाठी मारून. ट्रॅक्टरची ट्यूब शेजारी. मामेभाऊ काठावर बसून राहिला. एकट्याने इथे यायचे नाही, हा नियम.

बोटीला मासेमारीची तंगूस आणि टोकाला एक बोया. पहिली डुबकी ११ वाजून १० मिनिटांनी. टाकी भरली, मनोरा राहिला, थोडा वेग दिला, पंख खाली, आणि ती गेली. पाण्यात एक हिरवट सावली सरकत होती, वर काही नाही, तरंगसुद्धा नाही. मामेभाऊ म्हणाला, “दादा, ही तर मगरीसारखी चालली.” मी काही बोललो नाही, बोटांना घाम सुटला होता.

वीस मिनिटे, सहा डुबक्या, एक मीटरपेक्षा खोल नाही. सातव्या वेळी वर आली ती शेपूट खाली घालून. काठावर घेतली. मागच्या झाकणाशी ४० मिली पाणी. सर्व्हो वाचला, रिसीव्हर वर होता म्हणून वाचला.

१५ डिसेंबर, रविवार

सगळ्या ओ-रिंग बदलल्या. नवे ऑइल सील. टाकीची भिंत पुसून, सिलिकॉन ग्रीस नव्याने. शेततळ्यात पंधरा मिनिटे. ३० मिली पाणी.

२२ डिसेंबर, रविवार

झाकणांच्या ओ-रिंगच्या खाचा मोजल्या. बरोबर. प्रत्येक सांध्यावर खडूची पूड लावून ओलावा कुठून येतो ते शोधले, कळले नाही.

मग ठरवले की धावपळ नको, नळी एकटी बुडवू. घरच्या विहिरीत दोराने, दगड बांधून, दीड मीटर खाली, एक तास. वर काढली : पूर्ण कोरडी. आत ठेवलेला टिश्यू कागद कुरकुरीत.

शेततळ्यात एक मीटरवर गळते, विहिरीत दीड मीटरवर गळत नाही. शाफ्ट फिरल्यामुळे असेल म्हणून हौदात बोट बांधून अर्धा तास प्रोपेलर फिरवला. तेव्हाही कोरडी.

रात्री जेवताना अण्णांना सगळे सांगितले. त्यांनी ताटावरून वर न बघता विचारले, “पाणी आत येतंय ते खाली गेल्यावर, का वर आल्यावर?”

मी म्हटले, “खाली गेल्यावरच येणार ना. दाब खाली असतो.”

“ते झालं पुस्तकातलं. तू बघितलंस का?”

नव्हते बघितले. मग त्यांनी सांगितले की खरी पाणबुडी बंद केल्यावर, डुबकीच्या आधी आतली हवा थोडी ओढून घेतात आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवतात. काटा जागेवर राहिला तर सगळी झाकणे नीट बसली आहेत. सरकला तर कुठे तरी फट आहे. “आत हवा कमी झाली की बोटीला ती खोल गेल्यासारखीच वाटते,” म्हणाले. आणि ताक मागितले.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. सापडले.

बीएमपी २८० नावाचा दाब मोजणारा बोटाच्या पेराएवढा सेन्सर मिळतो. तो नळीत ठेवला, आकडे लॅपटॉपवर. सांगलीत बाहेरची हवा ९५० हेक्टोपास्कल दाखवते. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, त्याचा हा परिणाम.

आधी आत मोकळी हवा किती आहे ते काढले. ६० मिलीच्या सिरिंजने हवा ओढली, दाब ९५० चा ९१३ झाला. त्यावरून मोकळी जागा १४८० मिली येते. ही टाकी रिकामी असताना, म्हणजे पिस्टन पुढच्या टोकाला असताना. टाकी भरते तेव्हा पिस्टन मागे येतो आणि हीच जागा ३३९ मिलीने कमी होते. हे मला माहीत होते, कारण चित्र मीच काढले होते. पण त्याचा अर्थ लक्षात घेतला नव्हता.

दर वेळी बोट उघडली की मी पिस्टन पूर्ण मागे घ्यायचो, टाकीची भिंत पुसायचो, ग्रीस लावायचो, आणि तसेच झाकण बंद करायचो. म्हणजे आतली हवा सर्वांत कमी असताना. मग शेततळ्यावर पहिले काम काय, तर टाकी रिकामी करून तिला तरंगवणे. पिस्टन पुढे जाणार आणि तेवढ्याच हवेला ३३९ मिली जास्त जागा भरावी लागणार. आज टेबलावर तेच केले. काटा ९५० वरून ७३० वर आला. २२० हेक्टोपास्कलची पोकळी. पाण्याच्या भाषेत ती सव्वादोन मीटर खोली होते. बोट पृष्ठभागावर ऊन खात तरंगत होती तेव्हा तिच्या सांध्यांना सव्वादोन मीटर पाणी वर असल्यासारखे वाटत होते. डुबकी मारली की टाकी भरायची, आतला दाब परत वाढायचा, गळती थांबायची.

विहिरीत मात्र टाकी भरलेलीच होती, त्यामुळे आत पोकळी नव्हती, फक्त दीड मीटर पाणी. हौदात प्रोपेलर फिरवला तेव्हाही पिस्टन मागेच. दोन्ही चाचण्यांत मी नेमकी ती एक गोष्ट वगळली होती जी बिघडत होती. आणि गळती लागली म्हणून मी जितक्या काळजीने ग्रीस लावत गेलो तितक्या निष्ठेने तीच चूक पुन्हा करत गेलो.

काटा ७३० वर थांबला नाही. सावकाश चढू लागला. ७३४, ७३९. मागच्या झाकणाकडे पाहिले तर सुकाणूच्या दांडीचा बेलो आत ओढला गेला होता, गालाला खळी पडावी तसा, आणि कॉलरवरची त्याची कड एका बाजूने उचलली होती. केसाएवढी फट. दीड मीटरच्या दाबाला ती कड धरून राहते, सव्वादोनला सुटते.

अण्णांना बोलावून दाखवले. त्यांनी चष्मा लावून बेलोकडे बराच वेळ पाहिले. कॉलरवर पितळी तारेचे दोन वेढे घाल म्हणाले, आणि स्वतःच पक्कड घेऊन बसले.

२९ डिसेंबर, रविवार

केलेल्या दुरुस्त्या : दोन्ही बेलोंवर तारेचे वेढे. पुढच्या झाकणात एम-३ चा एक स्क्रू, त्याखाली बारीक ओ-रिंग. झाकण दाबताना ओ-रिंग आधी पकडते आणि आत हवा कोंडते, ती या भोकातून निघून जाते. क्रम आता असा : टाकी रिकामी, झाकण, आणि सर्वांत शेवटी स्क्रू.

याची दुसरी बाजूही मोजली. रिकामी असताना बंद केली तर भरल्यावर आतला दाब ९५० वरून १२३० च्या घरात जातो. हा सेन्सर ११०० च्या पुढे मोजत नाही, तेव्हा हा आकडा हिशेबातला. पिस्टनवर सुमारे आठ किलोचा भार येतो. मोटर भरताना शेवटच्या पाव भागात कण्हत होती. ती बदलून २०० आरपीएमची लावली. आता भरायला २९ सेकंद लागतात, पण एका सुरात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असल्याने सांधा चुकलाच तर बुडबुडे बाहेर येतील आणि डोळ्यांना दिसतील.

प्रत्येक वेळी पाण्यात सोडण्याआधी सिरिंजची परीक्षा : ६० मिली ओढायची, ९१३, पाच मिनिटे थांबायचे. एक हेक्टोपास्कलपेक्षा जास्त हलले तर बोट पाण्यात जाणार नाही. ही परीक्षा सावलीतच घ्यायची. नळी एक अंश तापली तरी दाब तीनने वाढतो. आज उन्हात ठेवून मी स्वतःला दहा मिनिटे उगाच घाबरवले.

१२ जानेवारी २०२५, रविवार

शेततळ्यात चाळीस मिनिटे. कोरडी. टिश्यू कागद नोंदवहीत चिकटवला.

आता दुसरे दुखणे. पाण्याखाली ती सरळ रेषेत राहत नाही. नाक वर, नाक खाली, मोठ्या लाटेसारखी. काठावरून तिरपे बघताना कळते तोवर उशीर झालेला असतो. म्हणून अर्डुइनो नॅनो हा छोटा संगणक-बोर्ड आणि एमपीयू ६०५० हा धक्का (अ‍ॅक्सेलरोमीटर) आणि वळण (जायरो) मोजणारा सेन्सर : बोटीचा कल मोजून मागचे आडवे पंख आपोआप हलवायचे. पहिल्याच प्रयत्नात वेग दिला की ती नाक खाली घालून तळाकडे जाई. अ‍ॅक्सेलरोमीटरला पुढचा धक्का आणि नाक वर होणे यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला सारखेच जाणवतात. मग वेगाच्या धक्क्याला न भुलणारा जायरो मुख्य धरला, ९८ टक्के, आणि हळूहळू भरकटू नये म्हणून उरलेले २ टक्के अ‍ॅक्सेलरोमीटरचे ऐकायचे. हौदात बोट हाताने पुढे ढकलली, पंख जागेवर.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून निघालो. आज रेडिओ बंद पडल्यास काय, याची परीक्षा. जुन्या संचात ती सोय नाही, म्हणून नॅनोच मध्ये बसून संदेश तपासतो : दीड सेकंद अर्थपूर्ण संदेश नाही आला तर प्रोपेलर बंद, टाकी रिकामी.

एक मीटरवर असताना रिमोट बंद केला. अर्ध्या मिनिटाने मनोरा वर आला. तीनदा केले, तीनदा आला. घरी आल्यावर अण्णा म्हणाले की त्यांच्या बोटीत सगळे खलाशी एकदम मावतील असा लोखंडी गोल होता, संकटात बोटीपासून सुटून वर जाणारा. आमच्या बोटीत माणूस नाही, पण वर येण्याची एक स्वतंत्र वाट आधी तयार असावी हे तेच.

दुपारनंतर मात्र रिमोट चालू असताना ती स्वतःहून वर येऊ लागली. आधी वाटले नॅनो बिघडला. मामा म्हणाले, कालव्याचे आवर्तन थांबलेय, चार दिवस बोअरचे पाणी सोडतोय. टीडीएस ८६०. डिसेंबरच्या तिप्पट. मीटरभर खाली गेली की संदेश तुटत होता आणि ती सांगितल्याप्रमाणे वर येत होती. बिघाड नव्हताच. नोंदवहीत आता प्रत्येक दिवसापुढे टीडीएसचा रकाना.

९ फेब्रुवारी, रविवार

‘शल्की’ नौदलात आली त्या सात तारखेला रजा मिळाली नाही, म्हणून आज. आवर्तन पुन्हा सुरू झालेय, टीडीएस ३४०. मामांच्या एका बागेत काढणी चालू, काठावर क्रेटची रांग. अण्णा पहिल्यांदाच आले. मामांनी त्यांना सावलीत खुर्ची दिली, ती त्यांनी उचलून पाण्याजवळ नेली.

सिरिंज : ९१३, पाच मिनिटांनी ९१३. तंगूस आज लावली नाही.

रिमोट अण्णांच्या हातात दिला. उजवी काठी टाकीची एवढेच सांगितले. त्यांनी टाकी भरू दिली, मनोऱ्याचे टोक उरेपर्यंत वाट पाहिली, आणि मग लगेच खाली न नेता तशीच, फक्त टोक वर ठेवून, तळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश नेली. क्रेट भरणारे दोघे थांबून बघत होते. वळवून परत आणताना मध्यावर पंख खाली केले. पाणी मिटले.

५१ मिनिटे पाण्यात, नऊ डुबक्या. सर्वांत खोल दीड मीटर, आतल्या बांधणीत काही हलले नाही. आत पाणी : शून्य. करायचे राहिलेले : शेपटीच्या रंगाला पापुद्रे आलेत, आणि डाव्या बाजूची एक चीर पुन्हा घासायची आहे. अण्णांनी उरलेल्या पाइपाची लांबी विचारली. सहा फूट आहे.